नागरिकत्वाची व्हायव्हा आणि वाचनालय

व्हायव्हा म्हटलं की आपल्या सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. थिअरीच्या पेपरात निदान पानं तरी भरता येतात. व्हायव्हाला समोर एक्सटर्नल बसलेले असतात, ते आपल्या तोंडाकडे बघत असतात आणि येत असलेलं उत्तरही नेमकं तेव्हाच घशात अडकतं. यावर आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच रामबाण उपाय जपलाय, तो म्हणजे क्वेश्चन बँक! सीनियर्सकडून आलेली, झेरॉक्सची झेरॉक्स काढून अर्धी पुसट झालेली ती पंधरा-वीस पानं. रात्री दोनपर्यंत पाठ करायची, सकाळी ओकायची आणि संध्याकाळी मेसमध्ये ताट हातात येईपर्यंत विसरायची.

आता अशी एक व्हायव्हा डोळ्यांसमोर आणा, जिची क्वेश्चन बँक खुद्द सरकारनेच छापलीय, तीही उत्तरांसकट आणि फुकट. पण इथे नापास झालात तर नुसती के.टी. लागत नाही. मत द्यायचा हक्क, त्या देशातून कुणी काढून लावणार नाही याची खात्री, आईवडिलांना जवळ आणायची सोय, हे सगळं लांबणीवर पडतं. ही व्हायव्हा म्हणजे अमेरिकेचं नागरिकत्व मिळवण्याची परीक्षा. मला या लेखात एवढंच म्हणायचंय की या परीक्षेची तयारी करायला सार्वजनिक वाचनालयाइतकी योग्य जागा दुसरी नाही. मात्र वाचनालयाने आपल्यासारखं क्वेश्चन बँक पाठ करून घेण्यावर थांबू नये.

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या वाचनालयाशी आपला काय संबंध? अहो, आपल्या हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये जी.आर.ई.ची वर्ड लिस्ट भिंतीवर चिकटवलेली एक तरी रूम आहे! आपल्यातले कितीतरी जण एम.एस.ला जाणार. त्यातले काही तिथेच राहणार, आणि मग कधीतरी आईबाबांनाही नेणार. म्हणजे 'इमिग्रंट' हा शब्द उद्या आपल्यालाच लागणार आहे. तेव्हा आधीच थोडा विचार केलेला काय वाईट? (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, मराठी सेकंड लँग्वेज होतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे प्लीज कानाडोळा करा, मुद्द्याकडे बघा.)

तर आधी ही परीक्षा काय असते ते सांगते. साधारणपणे ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाली, किंवा अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेलं असेल तर तीन वर्षं, की एन-४०० नावाचा फॉर्म भरता येतो. त्याची फी एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन भरला तर ७१० डॉलर आणि कागदावर भरला तर ७६० डॉलर झाली. मग काही महिन्यांनी मुलाखतीचं बोलावणं येतं. अधिकारी समोर बसवून फॉर्ममधल्याच गोष्टी विचारतो. तुम्हाला इंग्रजी बोलता येतं का, हे त्यावरूनच तपासतात. मग तीनपैकी एक वाक्य बरोबर वाचायचं आणि तीनपैकी एक वाक्य ऐकून बरोबर लिहायचं. शेवटी त्या देशाचा इतिहास आणि राज्यव्यवस्था यावरचे तोंडी प्रश्न. २००८ पासून चालत आलेल्या परीक्षेत १०० प्रश्नांची बँक होती. त्यातले १० विचारायचे आणि ६ बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांनी अर्ज केला त्यांना नवी परीक्षा आहे. बँक १२८ प्रश्नांची, विचारणार २० पर्यंत आणि पास व्हायला १२ बरोबर हवेत. १२ बरोबर आले किंवा ९ चुकले की अधिकारी तिथेच थांबतो. एकदा नापास झालं तर आणखी एक संधी मिळते. त्यातही नाही जमलं, तर अर्ज नामंजूर. पुन्हा फॉर्म, पुन्हा फी!

देशाचा सर्वोच्च कायदा कोणता, राज्यघटनेत दुरुस्त्या किती (२७ आहेत), असे ते प्रश्न. आपल्यासारख्या आयुष्यभर परीक्षाच दिलेल्या माणसाला हे सोपं वाटेल. पण ही परीक्षा आपल्यासारखेच लोक देतात असं नाही. हॉटेलात भांडी घासणारा मेक्सिकन, कपड्यांच्या कारखान्यात बारा तास उभी राहणारी चिनी बाई, आणि आपल्याकडून मुलाच्या संसाराला हातभार लावायला गेलेली एखादी आजीसुद्धा ही परीक्षा देते.

माझ्या मोठ्या मावशीचंच उदाहरण घ्या. ती सांगलीची, शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी शाळेपुरतं. मावसभाऊ न्यू जर्सीत स्थायिक होऊन नागरिक झाला आणि त्याने २००९ साली आईवडिलांना ग्रीन कार्डवर नेलं. २०१४ मध्येच मावशीला अर्ज करता आला असता, पण इंग्रजीच्या भीतीने तिने तो विषयच टाळला. वयस्कर लोकांना सवलत असते, पण त्यातही अटी आहेत. पन्नाशी उलटलेली हवी आणि ग्रीन कार्डाला २० वर्षं झालेली हवीत, किंवा पंचावन्न पूर्ण आणि १५ वर्षं, तर इंग्रजी माफ होतं आणि प्रश्नांची उत्तरं आपल्या भाषेत देता येतात. मावशीचं वय बसत होतं, पण वर्षं बसत नव्हती.

मग इकडे सांगलीत माझी आजी आजारी पडली. मावशीला तिच्याजवळ राहायचं होतं. पण ग्रीन कार्डवाल्याने सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की नागरिकत्वासाठी मोजली जाणारी सलग वास्तव्याची वर्षं धोक्यात येतात, आणि वर्षाहून जास्त राहिलं तर ग्रीन कार्डच अडचणीत येतं. नागरिकाला ही बंधनं नाहीत. ओ.सी.आय. कार्ड काढलं की तो भारतात कितीही दिवस राहू शकतो. गंमत बघा! आपल्या आईजवळ सांगलीत निवांत राहता यावं, म्हणून मावशीला अमेरिकन व्हायचं होतं. 'देश सोडून गेलेले' असं आपण सरसकट बोलतो, तेव्हा अशा गोष्टी आपल्याला कुठे माहीत असतात?

तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. शाळा कॉन्व्हेंट, म्हणून फोनवरून मावशीला डिक्टेशन घालायचं काम माझ्याकडे आलं. 'फेब्रुवारी'चं स्पेलिंग आम्ही किती वेळा लिहिलं असेल याचा हिशोब नाही, त्यातला तो मधला 'आर' दर वेळी गायब! पण घरच्यांपुढे अभ्यास होत नाही हे खरं. माझ्यासमोर ती हसून वेळ मारून न्यायची, आणि मावसभाऊ ऑफिसमधून दमून आलेला, तिसऱ्या चुकीलाच त्याचा आवाज चढायचा. शेवटी तिच्या शेजारणीने तिला गावच्या सार्वजनिक लायब्ररीत नेलं. तिथे दर शनिवारी सकाळी नागरिकत्वाचा वर्ग भरायचा. फुकट. शिकवायला एक रिटायर्ड शिक्षिका, तीही स्वयंसेवक. टेबलाभोवती इजिप्तचे एक काका, दोन मेक्सिकन बहिणी, एक चिनी आजोबा आणि साडी नेसून, वर स्वेटर घालून बसलेली आमची मावशी!

तिथे तिला मिळालं काय? प्रश्न तर घरीही होते. पण त्या वर्गात कुणाचंच इंग्रजी धड नव्हतं, त्यामुळे लाजायचं कुणाला? बाई प्रत्येकाला समोर बसवून खोटी मुलाखत घ्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकवलं ते म्हणजे "मला समजलं नाही, कृपया पुन्हा सांगा" हे वाक्य इंग्रजीत न लाजता म्हणायचं. मावशी म्हणते, १०० उत्तरांपेक्षा हे एक वाक्य जास्त कामाला आलं. आणि फॉर्ममधले शब्द! त्या वेळच्या एन-४०० वर एक प्रश्न असायचा, तुम्ही कधी अट्टल दारुडे होता का? त्याचा अर्थ वर्गात कळल्यावर मावशीने "अगं बाई!" म्हणून कानांवर हात ठेवले आणि सगळा वर्ग हसला. पण विचार करा, अर्थ न कळता एखाद्याने घाबरून "येस" म्हटलं असतं तर? आणि हे शब्द त्या १०० प्रश्नांत कुठेच नसतात. नुसती क्वेश्चन बँक पाठ केलेला माणूस इथेच अडकतो.

२०१७ मध्ये मावशीची मुलाखत झाली. पहिले सहा प्रश्न, सहाही बरोबर, आणि अधिकाऱ्याने पुस्तक मिटलं. पुढे शपथविधी झाला, आणि नंतर तिने भारतीय पासपोर्ट वकिलातीत परत केला, कारण आपल्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की भारताचं राहत नाही. त्या दिवशी ती फोनवर रडली. मग त्याच वर्षी सांगलीला येऊन आजीजवळ आठ महिने राहिली.

आता हॉस्टेलमधल्या कुणालाही हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला. "यार, आता नेटवर सगळं आहे, लायब्ररीत कशाला जायचं?" मुद्दा रास्त आहे. सगळे प्रश्न सरकारी साईटवर आहेत, ॲप्स आहेत, व्हिडिओ आहेत. पण मोबाईल तुम्हाला विचारतो आणि तुम्ही बोटाने उत्तर दाबता. अधिकाऱ्यासमोर तोंड उघडावं लागतं. पोहण्याचे व्हिडिओ बघून कुणी पोहायला शिकलंय का? शिवाय ज्यांना ही परीक्षा अवघड जाते, त्यांच्यातल्या अनेकांना नेट वापरणंच अवघड जातं. फॉर्म ऑनलाइन भरला तर ५० डॉलर वाचतात हे खरं, पण त्यासाठी कॉम्प्युटर, प्रिंटर, स्कॅनर आणि शेजारी बसून "इथे क्लिक करा" म्हणणारं माणूस लागतं. हे चारही एका छपराखाली फक्त लायब्ररीत मिळतात. छापील पानाला थोडेफार पैसे पडतात, बसायला नाही.

दुसरी गोष्ट विश्वासाची, आणि माझ्या मते ती जास्त महत्त्वाची. नव्या देशात आलेल्या माणसाला सरकारी ऑफिसची भीती वाटते. काउंटरपलीकडचा माणूस आपली फाईल पुढे सरकवणार की आपल्यालाच बाहेर काढणार, हे त्याला माहीत नसतं. लायब्ररीच्या दारात कुणी व्हिसा विचारत नाही. घरी पुस्तक न्यायचं तर कार्डासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, पण आत येऊन बसायला काहीच लागत नाही. तुम्ही कोणतं पुस्तक वाचलं हे गुप्त ठेवायचं, ही तिथल्या ग्रंथपालांची जुनी शिस्त आहे. भीती आणि पैसा, ही दोन्ही कुलुपं नसलेलं दार नवख्या माणसाला दुसरं कुठे सापडणार?

आणि दार बंद असलं की फसवणारे बाहेर टपलेलेच असतात. लॅटिन अमेरिकेतल्या देशांत 'नोतारिओ' म्हणजे मोठा कायदेतज्ज्ञ. अमेरिकेत नोटरी म्हणजे फक्त सही खरी असल्याचा शिक्का मारणारा माणूस, त्याला कायदा यावा लागत नाही. या शब्दाच्या गोंधळाचा फायदा घेऊन तिथे कितीतरी भोंदू लोक स्वतःला 'नोतारिओ' म्हणवतात, गरिबांकडून पैसे उकळतात आणि चुकीचा फॉर्म भरून त्यांना देशाबाहेर जायच्या वाटेवर आणून ठेवतात. आपल्याकडेही नोटरी हा वकीलच असतो, तेव्हा आपली माणसंसुद्धा या जाळ्यात सहज सापडू शकतात. ग्रंथपाल मात्र सरळ सांगतो, "फॉर्म कुठे मिळेल ते मी दाखवीन, पण तुम्ही तो भरावा की नाही हे मी सांगू शकत नाही, त्यासाठी वकिलाकडे जा." 'मला हे सांगता येणार नाही' असं प्रामाणिकपणे म्हणणारा माणूस भेटणं हीसुद्धा मोठी मदत असते! काही लायब्ऱ्या तर याच्याही पुढे गेल्या. अमेरिकेच्या न्याय खात्याची मान्यता मिळालेल्या बिगर-नफा संस्थांमधले प्रशिक्षित कर्मचारी वकील नसतानाही स्थलांतरितांना कायदेशीर मदत करू शकतात. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्ड पब्लिक लायब्ररीने अशी मान्यता मिळवली. २००० साली त्यांनी 'द अमेरिकन प्लेस' नावाचा उपक्रम सुरू केला आणि नवागतांसाठी इंग्रजी, नागरिकत्वाची तयारी आणि कायदेशीर मदत एका ठिकाणी आणली.

हे काही नवं फॅड नाही बरं का! न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जवळजवळ निम्मी वस्ती परदेशात जन्मलेल्यांची आहे. तिथल्या लायब्ररीने १९७७ मध्येच 'न्यू अमेरिकन्स प्रोग्राम' सुरू केला. लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक लायब्ररीने २०१२ साली सरकारच्या नागरिकत्व खात्याशी हातमिळवणी करून आपल्या सगळ्याच्या सगळ्या ७३ शाखांमध्ये 'सिटिझनशिप कॉर्नर' मांडले. पुस्तकं, फॉर्मची माहिती, अभ्यासाचं साहित्य, सगळं एका कोपऱ्यात. २०१३ मध्ये त्याच खात्याने वाचनालयं आणि संग्रहालयांसाठी असलेल्या केंद्रीय संस्थेशी देशपातळीवर करार केला.

त्याच्याही मागे जा. १९०६ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येणं सक्तीचं केलं, आणि १९५० च्या कायद्याने वाचणं-लिहिणंही. म्हणजे परीक्षा अवघड होत गेली तशी शिकवणाऱ्याची गरजही वाढत गेली. न्यूयॉर्कमध्ये १९०९ साली सीवर्ड पार्क नावाची शाखा उघडली, ती ज्यू स्थलांतरितांच्या दाट चाळवस्तीत. तिच्या गच्चीवर उघड्या हवेत बसून वाचायची सोय होती, कारण त्या माणसांच्या खोल्यांत ना उजेड होता ना हवा. आपल्या मेकॅनिकलवाल्यांचा लाडका पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी हासुद्धा १८४८ मध्ये स्कॉटलंडहून आलेला स्थलांतरित पोरगा. सूतगिरणीत बॉबिन बदलायचं काम करायचा. कर्नल अँडरसन नावाचे गृहस्थ कामकरी मुलांना आपली पुस्तकं वाचायला द्यायचे, त्यावर हा शिकला. पुढे त्याने एकट्या अमेरिकेत १,६८९ वाचनालयांसाठी पैसे दिले. त्याने कामगारांना कसं वागवलं यावर पुष्कळ बोलता येईल, पण पुस्तकांचं हे ऋण त्याने फेडलं.

आपल्या लोकांना तर बराच काळ या व्हायव्हाला बसायचीच परवानगी नव्हती. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंद तर पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते! १९४६ च्या कायद्याने हे दार उघडलं. दलीपसिंग सौंद बर्कलीतून गणितात पीएच.डी. झालेले, पण नोकरी नाही म्हणून शेती करत होते. ते १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकन काँग्रेसवर निवडूनही आले. नागरिकत्वाच्या कागदाला किती वजन असतं ते यावरून कळतं. आज आपल्याला परीक्षेला बसता येतं, तेव्हा ती नीट देता यावी एवढी तरी सोय हवीच ना?

"पण स्थानिक लोकांनी आपल्या टॅक्समधून बाहेरच्यांना का शिकवायचं?" हा प्रश्नही लोक विचारतात, तिथे तर हल्ली फारच मोठ्याने. तिथल्या वाचनालयांचा बहुतेक खर्च गावच्या टॅक्समधून होतो हे खरं आहे. पण ग्रीन कार्डवालाही तोच टॅक्स भरतो, भाड्याच्या घरात राहिला तरी भाड्यातून तो वसूल होतोच. आणि जो माणूस उद्या मत देणार आहे, त्याला आपली राज्यव्यवस्था नीट कळावी यात शेजाऱ्याचाच फायदा नाही का? मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी वर सांगितलेल्या केंद्रीय संस्थेचं काम कायद्याने सक्तीचं आहे तेवढ्यापुरतंच ठेवायचा आदेश काढला, आणि अनेक राज्यं त्याविरुद्ध कोर्टात गेली. ज्या वर्षी परीक्षा अवघड केली, त्याच वर्षी तयारी करून घेणाऱ्यांच्या पैशाला कात्री लावायला घेतली. सिलॅबस वाढवायचा आणि लेक्चर्स कमी करायची, असाच हा प्रकार आहे. आपल्याला तो चांगलाच ओळखीचा आहे!

मग वाचनालयांनी नेमकं काय करावं? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी. एक, वेळ. कष्टकरी माणूस दुपारी दोनला येऊ शकत नाही. वर्ग संध्याकाळी आणि शनिवार-रविवारीच हवेत, आणि लहान मुलांसाठी बाजूला गोष्टींचा तास हवा, म्हणजे आयांना येता येईल. दोन, भाषा. उत्तर इंग्रजीत द्यायचं असलं तरी ते आधी आपल्या भाषेत समजलं पाहिजे. 'सत्तेचं विभाजन' म्हणजे काय हे मावशीला मराठीत सांगितल्यावर पाच मिनिटांत कळलं होतं. नुसतं इंग्रजी वाक्य ती महिनाभर पोपटासारखी म्हणत होती. तीन, खऱ्यासारखी मुलाखत. अनोळखी माणूस, टेबल, फॉर्म आणि वाक्य लिहायला कागद. निदान पाच वेळा. चार, शपथेनंतरही दार उघडं ठेवावं. काही लायब्ऱ्यांमध्ये शपथविधीच होतो, हे मला फार आवडलं. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं. मतदार नोंदणी कशी करायची, शाळेच्या मंडळाची निवडणूक म्हणजे काय, नगरपालिकेच्या सभेत बोलायचं कसं, हे कोण सांगणार? पास झाल्यावर विसरायची ती व्हायव्हा. नागरिकत्व विसरायचं नसतं.

लायब्ररी यासाठी योग्य जागा आहे असं मी म्हणते त्याचं शेवटचं कारण हेच. तिथे नागरिक होण्याची प्रॅक्टिस आपोआप होते. पुस्तक सगळ्यांचं आहे म्हणून जपून वापरायचं, वेळेवर परत करायचं कारण मागे कुणीतरी थांबलंय, टेबलावर शेजारी कोणत्या धर्माचा, कोणत्या देशाचा बसलाय हे न बघता त्याला जागा करून द्यायची. घटनेची पहिली ओळखीची खूण मला तरी हीच वाटते.

आणि जाता जाता एक गोष्ट, जी वाचून मी स्वतः चाट पडले. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात, परदेशी माणसाला अर्ज करून भारताचं नागरिकत्व घ्यायचं असेल तर घटनेच्या आठव्या अनुसूचीतली एक भाषा पुरेशी यावी लागते. त्या यादीत मराठी आहे! म्हणजे कुणी परदेशी माणूस मराठीच्या जोरावर या भाषेच्या अटीत बसू शकतो. मग ती त्याला शिकवणार कोण? महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालयांचा कायदा आहे, गावोगावी अनुदानित वाचनालयं आहेत, त्यांच्या अभ्यासिका एम.पी.एस.सी.वाल्यांनी रात्री उशिरापर्यंत भरलेल्या असतात. त्यातलं एक टेबल, आठवड्यातून एक तास, बाहेरून आलेल्यांच्या मराठी बोलण्यासाठी ठेवायला काय हरकत आहे? नागरिकत्व मागणारे फार थोडे असतील, पण नवखे पुष्कळ असतात. आपल्याच हॉस्टेलमध्ये नेपाळहून आणि दुसऱ्या राज्यांतून आलेली मुलं-मुली चार वर्षं राहून "भैय्या, कितना हुआ" यापुढे जात नाहीत, कारण त्यांच्याशी मराठीत हळू आणि न हसता बोलणारं कुणी भेटत नाही. आमच्या लायब्ररीयन मॅडमना मी विचारलंय, शनिवारी चार ते पाच रीडिंग हॉलचं कोपऱ्यातलं टेबल द्यायला त्या तयार आहेत. बोलणारे आपण हवेत. ज्यांना जमेल त्यांनी इश्यू काउंटरवरच्या वहीत नाव लिहा. बघा, पटतंय का!